मनाली ते रत्नागिरी: बुलेट चालवत आणावी, रेल्वेने की ट्रकने?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेहकडून मनालीत उतरणार आहोत. गाडी क्लासिक ३५०, २०१६ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, एमएच-०८ पासिंग. माणसं दोन, सामान दोन सॅडलबॅगा आणि एक टेलबॅग. मनालीहून रत्नागिरी गाठायचं आहे आणि हाताशी जेमतेम आठवडा आहे.

तीन पर्याय दिसतात. सगळं अंतर चालवत यायचं. चंदीगडपर्यंत चालवून पुढे गाडी रेल्वेत टाकायची आणि त्याच ट्रेनने आपणही यायचं. किंवा मनालीतच ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली करून आपण बसने मोकळं व्हायचं. पैशांपेक्षा भरवशाचा प्रश्न जास्त आहे. गाडी वेळेत आणि धड पोचावी एवढंच. रेल्वेत नेमकं काय काय करावं लागतं, कुठे अडतं, हे कुणी नीट सांगेल का? आणि चालवत यायचं तर रस्ता कोणता?

---

पार्सलखिडकी

मनाली ते रत्नागिरी अशी सलग तुलना करत बसलात तर गोंधळ होईल. प्रवासाचे तीन तुकडे आहेत: मनाली ते चंदीगड, चंदीगड ते कोकणाचं तोंड, आणि कोकण. पहिल्या तुकड्यात रेल्वे नाहीच. (जोगिंदरनगरला नॅरोगेज येते, पण ती पठाणकोटकडे जाते, तुमच्या उपयोगाची नाही.) त्यामुळे चंदीगडपर्यंतचे तीनशे किलोमीटर चालवत उतरा, त्यावर फार विचार नको. खरा निर्णय मधल्या तुकड्याचा आहे.

चंदीगडलाच सुरू होऊन कोकण रेल्वेने येणाऱ्या गाड्या दोन: १२४५० गोवा संपर्कक्रांती, मडगावपर्यंत, आणि १२२१८ केरळ संपर्कक्रांती, कोचुवेलीपर्यंत (स्टेशनचं नाव आता तिरुवनंतपुरम नॉर्थ). दोन्ही आठवड्यातून दोनदाच सुटतात. म्हणजे तारीख आधी ट्रेनची धरायची आणि मग मनालीतून कधी निघायचं ते ठरवायचं. शिवाय ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, वेग कमी असतो आणि वेळा बदललेल्या असतात. नेहमीच्या वेळेवर विसंबू नका.

दिल्लीला जाऊन हजरत निजामुद्दीनहून टाकता येते, तिथून गाड्या भरपूर आहेत. पण तिथे पार्सलची गर्दी प्रचंड, आणि दुचाकी ‘पुढच्या गाडीने जाईल’ म्हणून फलाटावर पडून राहण्याची शक्यता तितकीच मोठी. चंदीगडला ट्रेन तिथूनच सुटते, डबा रिकामा असतो, लोडिंगला वेळ मिळतो. हा फरक मोठा आहे.

आता बुकिंग. कन्फर्म तिकीट असेल तर गाडी ‘लगेज’ म्हणून बुक होते, नसेल तर ‘पार्सल’ म्हणून. लगेजचा दर चढा असतो, पण ती तुमच्या तिकिटाला जोडलेली असल्याने त्याच ट्रेनमध्ये चढवण्याला प्राधान्य मिळतं. ई-तिकीट वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि लगेजचा आधारही जातो. म्हणून आरक्षण उघडतं त्या दिवशीच, साठ दिवस आधी, तिकीट काढा.

कागद: आरसीची प्रत, आधार किंवा लायसन्सची प्रत, विम्याची प्रत, तिकिटाची प्रत. प्रत्येकी दोन झेरॉक्स ठेवा आणि मूळ कागद दाखवायला बरोबर. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत.

टाकी पूर्ण रिकामी हवी. ‘थोडं असू दे’ हा प्रकार चालत नाही, ज्वालाग्राही माल म्हणून दंड होतो आणि बुकिंग अडतं. तुमच्या गाडीत कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून कार्ब्युरेटरकडची नळी काढायची, कॉक पुन्हा उघडून टाकी कॅनमध्ये रिकामी करायची, आणि मग फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) खालचा स्क्रू सैल करून त्यातलंही सोडायचं. बाउलमधलं बहुतेक जण विसरतात, आणि डब्यात वास येतो तो त्याचाच. म्हणून चंदीगडला पोचताना टाकी तळाला आलेली असेल असा हिशेब ठेवा. (फलाटावर काढलेल्या पेट्रोलचं पुढे काय होतं ते विचारू नये.)

पॅकिंग स्टेशनबाहेरची माणसं करून देतात, गोणपाट आणि सुतळी त्यांची. पण गोणपाटाच्या आत काय घालायचं ते तुमच्या हातात आहे. टाकीवर जुनी चादर किंवा बबलरॅपचे तीन-चार थर घ्या, कारण पोचा पहिला टाकीलाच येतो. गाडी पडून नाही, तर वर कुणाची तरी पेटी ठेवल्यामुळे. आरसे काढून बॅगेत, इंडिकेटरभोवती पुठ्ठा, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरला फोम. लेगगार्डला जास्तीचं गोणपाट, नाहीतर शेजारच्या गाडीचं हँडल त्यात अडकतं आणि उतरवताना दोन्ही गाड्या ओढल्या जातात. बॅटरीची ऋण तार सोडा. हँडल लॉक करू नका आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. लॉक केलेली किंवा गिअरमध्ये अडकलेली गाडी हमाल ढकलत नाहीत, फरफटवतात.

दोन बाजूंना जाड पुठ्ठ्याच्या पाट्या बांधा: नाव, पीएनआर, कुठून कुठे. स्टेशनचे कोड मोठ्या अक्षरांत हवेत; चढायच्या आणि उतरायच्या स्टेशनांचे कोड तिकिटावर छापलेले असतात, तेच जसेच्या तसे उतरवा. हेच गोणपाटावरही मार्करने लिहा, पाटी तुटते.

आणि एक गोष्ट जी खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. किंमत घोषित केली नाही तर रेल्वेची जबाबदारी पार्सलसाठी किलोला ५० रुपये आणि लगेजसाठी किलोला १०० रुपये एवढीच असते. तुमची गाडी अंदाजे १९० किलो धरली तर पार्सलमध्ये ९,५०० आणि लगेजमध्ये १९,०००. त्यापेक्षा जास्त संरक्षण हवं असेल तर अर्जावर गाडीची किंमत लिहून टक्केवारी शुल्क भरावं लागतं. ते भरा.

ट्रेन सुटायच्या चार-पाच तास आधी पार्सल ऑफिसला हजर राहा आणि पावती हातात पडली म्हणून निघून जाऊ नका. गाडी एसएलआर डब्यात (ट्रेनचा सामानाचा आणि गार्डचा डबा) चढताना डोळ्यांनी बघा. त्या डब्यातली बरीच जागा लीजवर ठेकेदारांकडे असते, उरलेल्या जागेत रेल्वेचा माल बसतो, आणि जागा संपली की दुचाकी सगळ्यात आधी मागे राहते.

---

तिसरा_गिअर

वरचं सगळं मान्य. पण चालवत येण्याचा पर्याय एवढ्या लवकर बाद करू नका. अंतर अंदाजे २,२५० ते २,३०० किमी. लिटरला ३३ धरलं तर ७० लिटर पेट्रोल, म्हणजे सात हजारांच्या आसपास. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. वर पाच मुक्काम. पैशात रेल्वे थोडी स्वस्त पडेल, फार नाही.

टप्पे असे पाडा: मनाली–चंदीगड ३००, चंदीगड–जयपूर ५००, जयपूर–उदयपूर ४००, उदयपूर–वडोदरा ३७०, वडोदरा–पनवेल ४००, पनवेल–रत्नागिरी ३०० आणि थोडं वर. या गाडीवर दोघं आणि सामान असताना ताशी ८० च्या वर नेण्यात अर्थ नाही. ८० ला ती दिवसभर चालते. ९५ ला व्हायब्रेशनने हात बधिर होतात आणि नट सैल व्हायला लागतात.

मोबाइलचा नकाशा तुम्हाला दिल्ली–मुंबई एक्स्प्रेसवेवर ढकलेल. तिथे दुचाकीला बंदी आहे. अहमदाबाद–वडोदरा एक्स्प्रेसवेवरही तेच, तिथे नडियाद–आणंदवरून जुना रस्ता घ्यायचा. नकाशात ‘दुचाकी’ निवडून ठेवलं तरी एक्स्प्रेसवेवर चढायच्या तोंडावरची पाटी वाचायची सवय ठेवा. दिल्ली पूर्ण टाळता येते: पानिपतला उजवीकडे वळून रोहतक–झज्जर–रेवाडी, आणि बावलजवळ जयपूरचा महामार्ग (आताचा ४८). तिथून जयपूर, किशनगड, भिलवाडा, चित्तोडगड, उदयपूर, शामळाजी, हिंमतनगर. किशनगडच्या आसपास संगमरवराचे ट्रक असतात, ओव्हरटेक करताना घाई नको. राजस्थानात दिवेलागणीनंतर रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये वीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. सहाच्या आत मुक्काम. पुढे मनोरला पोचलात की ठाण्याकडे जाऊ नका. मनोर–वाडा–भिवंडी करून कळंबोली. रस्ता खराब आहे, पण घोडबंदरच्या कोंडीपेक्षा बरा.

आता गाडीबद्दल, आणि हे रेल्वेने आलात तरी लागू आहे.

लेहच्या मेकॅनिककडून कार्ब्युरेटरची सेटिंग बदलून घेतली असेल तर ती चंदीगडला पूर्ववत करा. उंचीवर हवा विरळ, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, म्हणून तिथे ते कमी करून देतात. तेच सेटिंग खाली जाड हवेत आलं की मिश्रण कोरडं होतं. गाडी आधी हलकी, चपळ वाटते, आणि मग गरम होऊन फटफटायला लागते, एक्झॉस्टचा पाइप बेंडजवळ निळा पडतो. एअर फिल्टर काढून ठेवायचा सल्ला तर बिलकुल ऐकू नका. लडाखची ती पिठासारखी धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

टायरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, लेहला ९.५ च्या आसपास. गेज टायरमधला आणि बाहेरचा दाब यांतला फरकच मोजतो. म्हणजे लेहला ३२ भरलेला मागचा टायर, तापमान तेवढंच धरलं तर, खाली २७ दाखवेल. खालच्या उन्हाने त्यातलं थोडं भरून निघतं, पण त्यावर सोडू नका. चंदीगडला सकाळी, गाडी थंड असताना, दोघांसाठी पुढे २२ आणि मागे ३२ करून घ्या. कमी हवेत ट्यूब रिममध्ये सरकते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. तो पंक्चर नीट निघत नाही, ट्यूबच बदलावी लागते. दोन्ही ट्यूबा (९०/९०-१९ आणि ११०/९०-१८) जवळ असू द्या. शिवाय क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, एक स्पार्क प्लग.

नाल्यांतून गाडी गेलेली असेल तर मागचा ड्रम उघडून साफ करून घ्या. आत गाळ बसतो, ब्रेक किरकिरतो आणि मग अचानक धरतो. चाक वर उचलून हाताने फिरवून बघा, खरखर आली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. ते पुढच्या हजार किलोमीटरला चालणार नाही.

मनालीतून निघताना: पंडोह ते औट हा पट्टा दरडींचा आहे आणि पावसाळा संपल्यावरही दगड सुटतात. सकाळी लवकर पार करा. बंद असेल तर बजौरा–कटौला–मंडी हा वरचा रस्ता आहे, अरुंद, पण दुचाकीला चालतो. तुमची तारीख विजयादशमीच्या जवळ येत असेल तर कुल्लूत सात दिवस दसऱ्याचा मेळा असतो आणि ढालपूर मैदानाभोवती वाहतूक तुंबते. तेव्हा मनालीहून नग्गरच्या बाजूने, नदीच्या डाव्या काठाने उतरा. पुढे नेरचौक ते किरतपूर चौपदरी झालाय, तिथे वेळ भरून निघतो.

---

बिल्टी_बहाद्दर

ट्रकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मनालीत ‘गाडी थेट घरी पोचवू’ म्हणणारे बहुतेक दलाल असतात. ते गाडी खाली चंदीगड किंवा दिल्लीच्या गोडाऊनपर्यंत नेतात, कधी टेम्पोत, कधी सरळ चालवत. म्हणून ताब्यात देताना ओडोमीटरचा फोटो, चारही बाजूंचे फोटो, आणि चेसिस नंबरचा फोटो काढा, आणि पावतीवर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. पुढे गोडाऊनमध्ये दक्षिणेकडचा ट्रक भरेपर्यंत गाडी थांबते. ‘सात ते दहा दिवस’ म्हणतात ते ट्रक निघाल्यापासून, तुम्ही गाडी दिल्यापासून नव्हे.

रत्नागिरीसाठी भरलेला ट्रक मिळणं अवघड. माल भिवंडीला किंवा कळंबोलीला उतरतो आणि तिथून पुढे वेगळा हिशेब लागतो. तुम्हाला आठवड्यात घरी गाडी हवी असेल तर हा पर्याय बसत नाही. घाई नसेल आणि दोघांना विमानाने यायचं असेल तरच.

केलंच तर: बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची रीतसर पावती) हवीच, नुसती व्हिजिटिंग कार्डाच्या मागची सही नव्हे. त्यावर कंपनीचा जीएसटी क्रमांक, गाडी नंबर, घोषित किंमत, पोचवण्याचा पत्ता. ‘इन्शुरन्स आहे’ म्हणतात तेव्हा ट्रान्झिट पॉलिसीचा क्रमांक मागा. बरेचदा ती फक्त ‘मालकाच्या जोखमीवर’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते. प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फसवणारे पुष्कळ आहेत. त्यांची पद्धत ठरलेली: आधी स्वस्त दर, गाडी हातात आली की अर्ध्या वाटेत ‘टॅक्स’ आणि ‘परत मिळणारं इन्शुरन्स’ म्हणून वरचे पैसे. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

---

सड्यावरचा

सर्वांचे आभार. ट्रक बाद. चंदीगडहून १२४५० असं मन होतंय. पण बुकिंग थेट रत्नागिरीचं करावं का? घरापासून स्टेशन जवळ आहे.

---

हातखंबा_तिठा

मोह होणं साहजिक आहे, पण नको. रत्नागिरी हे मधलं स्टेशन, थांबा मोजून पाच मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात डब्याचं दार उघडणं, पुढ्यातला मडगावचा माल बाजूला करणं आणि १९० किलोची गाडी उतरवणं व्हायला हवं. चंदीगडला सगळ्यात आधी चढलेली गाडी आत तळाशी असते, आणि तीच नेमकी मध्येच उतरायची असते. जमलं नाही तर ती पुढे जाते आणि परतीच्या एखाद्या ट्रेनने येते. किती दिवसांनी, ते सांगायला कुणीही नसतं. पीआरआर (पार्सलच्या पावतीवरचा) क्रमांक टाकून रेल्वेच्या पार्सल संकेतस्थळावर स्थिती दिसते, पण ‘लोड झाली’ आणि ‘उतरली’ यांच्या मधलं काही दिसत नाही. पनवेललाही अडचण तीच.

१२४५० मडगावला संपते. डबा तिथे रिकामा करावाच लागतो. गाडी मडगावपर्यंत बुक करा, तुम्हीही मडगावपर्यंत या, आणि तिथून चालवत वर या. पणजी, म्हापसा, पत्रादेवी, मग झाराप–कुडाळ–कणकवली–खारेपाटण, राजापूर, लांजा, पाली, हातखंबा. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून दुपारचं जेवण घरी. सिंधुदुर्गातला चौपदरी रस्ता चांगला आहे. याउलट पनवेलहून आलात तर माणगावची कोंडी, आणि चिपळूणच्या पुढे आरवली ते हातखंबा या पट्ट्यातली कामं आणि वळवलेले रस्ते, सगळं वाट्याला येतं. अंतरही जास्त.

१२२१८ असेल तर मात्र हा फायदा नाही, कारण तिच्यासाठी मडगावही मधलंच. म्हणून तिकीट १२४५० चंच मिळवा. नाही मिळालं तर मी तरी @तिसरा_गिअर यांच्या रस्त्याने चालवत येईन, पण शेवटी पनवेलकडून न येता पुणे–सातारा–कराड–मलकापूर–आंबा घाट–साखरपा असा उतरेन. कळंबोलीहून पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, जुन्या रस्त्याने खोपोली–लोणावळा.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो. घाट किंवा महामार्ग, जे काही असेल ते दुपारी दोनच्या आत संपवा.

(कुणी कोलाडच्या रो-रोबद्दल, म्हणजे वाहनं रेल्वेवर चढवून नेणाऱ्या सेवेबद्दल, सांगेल म्हणून आधीच लिहितो: ती ट्रकसाठी आणि अलीकडे मोटारींसाठी आहे, बुलेटसाठी नाही.)

---

सड्यावरचा

पटलं, मडगाव. शेवटचं एक: मडगावला गाडी उतरली की टाकी कोरडी. पेट्रोल कुठून आणायचं? पंपावर बाटलीत देत नाहीत म्हणतात.

---

पार्सलखिडकी

बरेच पंप नाही म्हणतात, खरंय. सोपा मार्ग म्हणजे स्टेशनबाहेरच्या एखाद्या टॅक्सीवाल्याला किंवा दुचाकीवाल्याला गाठून नळीने लिटरभर घ्यायचं आणि योग्य ते पैसे द्यायचे. चार फूट पारदर्शक नळी सॅडलबॅगेत ठेवा. ट्रेनमध्ये पेट्रोलची बाटली मात्र चुकूनही नको.

उतरल्यावर क्रम असा: पार्सल ऑफिसात मूळ पावती आणि ओळखपत्र दाखवून गाडी सोडवायची. सही करण्याच्या आधी टाकी, हेडलाइट आणि लिव्हर यांच्यावरचं गोणपाट फाडून बघायचं. मोडतोड असेल तर तिथेच लेखी नोंद करून घ्या, फलाटाबाहेर पडल्यावर कुणी ऐकत नाही. गाडी सोडवायला काही तासांचीच मोफत मुदत असते, त्यानंतर तासावर पैसे लागतात. म्हणून आधी हॉटेल शोधायला जाऊ नका.

मग बॅटरीची तार जोडा, बाउलचा स्क्रू घट्ट आहे ना बघा, पेट्रोल घाला, कॉक उघडून मिनिटभर थांबा. कोरडा बाउल भरायला तेवढा वेळ लागतो. लगेच किक मारत सुटलात तर गाडी चालू होत नाही आणि लोक उगाच प्लग काढत बसतात. पुढचा ब्रेक दोन-तीनदा दाबा, आरसे लावा, आणि पहिल्या पंपावर टाकीबरोबर हवाही बघा.

---

तिसरा_गिअर

चेनही. दीड दिवस डब्यात उभी असली तरी लडाखची धूळ तिच्यावर तशीच असते. चंदीगडला बुकिंगच्या आदल्या संध्याकाळी डिझेलच्या फडक्याने पुसून तेल सोडा. ताण मोजताना मागे माणूस बसवून मोजा, रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन दोघं बसल्यावर ताठ होते.